कोच आणि पंच: मॅचमध्ये बोलावं कोणी, केव्हा आणि किती?

बेसलाइन

नमस्कार. पुढच्या महिन्यात १७ वर्षांखालील आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धा घेतोय. मुलांचे १२ संघ, मुलींचे ८, सिमेंटची दोन कोर्ट, १० मिनिटांचे चार क्वार्टर, प्रत्येक मॅचला दोन पंच. बाकी तयारी होत आली आहे, काळजी बेंचची आहे. प्रत्येक शिट्टीला कोच साइडलाइनवर येऊन हात पसरतात. एक पंच सगळं सोडून देतो, दुसरा तिसऱ्याच मिनिटाला टेक्निकल (गैरवर्तनाबद्दलचा फाऊल) देतो, आणि शेजारच्या कोर्टवर त्याच वागण्याला काहीच होत नाही. मग कोच म्हणतात, "आम्हालाच का?" आणि त्यांचंही चुकत नाही.

मॅनेजर मीटिंगमध्ये वाचून दाखवता येईल असं अर्धं पान हवं आहे. नुसतं "एकमेकांचा आदर राखा" लिहून भागत नाही, कारण आदर म्हणजे काय हे प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो. म्हणून नेमकंच विचारतो. कोचने पंचांशी केव्हा आणि कसं बोलावं? पंचांनी कशाला उत्तर द्यावं आणि कशाला नाही? इशारा कुठे संपतो आणि टेक्निकल कुठे सुरू होतो? शिवाय पंच कमी आहेत, त्यामुळे भाग घेणाऱ्या शाळांचेच दोन-तीन क्रीडाशिक्षक शिट्टी घेणार आहेत. त्याचं काय करू?

शिट्टी आणि मूठ

अर्ध्या पानाच्या आधी तुमचं वेळापत्रक बघा. निम्मी भांडणं जंप बॉलच्या, म्हणजे मॅच सुरू होण्याच्या, आधीच पेरलेली असतात.

फिबाच्या (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमानुसार पंचांचा अधिकार ठरलेल्या वेळेच्या २० मिनिटं आधी, ते कोर्टवर आल्यापासून सुरू होतो. खेळाडूंची नावं आणि नंबर कोचने ४० मिनिटं आधी टेबलला, म्हणजे स्कोअरर बसतात तिथे, द्यायचे असतात. १० मिनिटं आधी स्कोअरशीट वाचून सही करायची आणि सुरुवातीच्या पाच खेळाडूंवर खूण करून द्यायची. शालेय स्पर्धेत एकामागून एक मॅच असतात, ४० मिनिटं जमणार नाहीत. तिथे २० ठेवा. पण सुरुवातीच्या १० मिनिटं आधीची सही कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. तिसऱ्या क्वार्टरला कळतं की ७ नंबरचा फाऊल १७ च्या नावावर चढलाय, मग कोच टेबलवर धावून जातो, आणि त्या गोंधळाचं खापर पंचावर फुटतं. आपण सही केलेला कागद कोच सहसा फाडायला उठत नाही.

सही झाली की दोन मिनिटं दोन्ही पंच, दोन्ही कोच आणि दोन्ही कॅप्टन एकत्र उभे राहू देत. तिथे नियमांवर भाषण नको, फक्त त्या कोर्टापुरतं बोला. रिंगखालचं नो-चार्ज अर्धवर्तुळ रंगवलेलं आहे का? शाळांच्या कोर्टवर बहुधा नसतं, आणि मग ब्लॉकिंग की चार्जिंग, म्हणजे धडकेचा फाऊल बचाव करणाऱ्याचा की चढाई करणाऱ्याचा, यावर दिवसभर वाद होतो. नसेल तर सकाळीच खडूने आखून घ्या: एंडलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर, रिंगच्या बरोबर मध्याखाली बिंदू घ्या आणि तिथून १.२५ मीटर त्रिज्या. २४ सेकंदांचं घड्याळ (शॉट क्लॉक) नसेल तर स्टॉपवॉच कोणाकडे आहे आणि शेवटचे १० सेकंद तो मोठ्याने मोजणार का, हे दोन्ही कोचना सांगा. घड्याळ सलग चालणार असेल तर ते थांबणार केव्हा, हे मॅचआधीच ठरलेलं असू दे. आणि चालत्या खेळाडूने बॉल ताब्यात घेताना जमिनीवर असलेला पाय पावलात धरत नाहीत, त्यानंतर दोन पावलं, हेही एकदा बोला. हा बदल २०१७ चा आहे, पण बेंचवरून आजही "ट्रॅव्हल, ट्रॅव्हल" (बॉल घेऊन जास्त पावलं) ओरडणाऱ्यांपैकी अनेक जण तो विसरलेले असतात.

आता बोलायचं कोणी. बेंचवर एका वेळी एकानेच उभं राहायचं, मुख्य कोच किंवा पहिला सहायक. सहायक उभा राहू शकतो, खेळाडूंना सूचना देऊ शकतो, पण पंचांशी बोलायचं नाही. कोर्टवर संघाच्या वतीने कॅप्टन बोलतो, तेही बॉल डेड (खेळ थांबलेला) आणि घड्याळ थांबलेलं असताना, सभ्यपणे, माहिती विचारण्यापुरतं. तुमच्या पानावरची पहिली दोन वाक्यं हीच असू देत. बहुतेक बेंचवरून तीन जण एकदम बोलतात आणि पंचाला कळतच नाही की इशारा द्यायचा कोणाला.

डावखुरा गार्ड

कोचच्या बाजूने लिहितो. शिट्टीशी भांडून शिट्टी बदलत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी कोच ओरडतो, कारण त्याला पुढच्या शिट्टीवर परिणाम करायचा असतो. तो होतो, पण उलटा. प्रत्येक शिट्टीला ओरडणाऱ्या कोचचा आवाज दुसऱ्या क्वार्टरपर्यंत पंचाच्या कानाला पार्श्वसंगीत होऊन जातो. आणि मग चौथ्या क्वार्टरला खरंच दाखवण्यासारखी गोष्ट असते तेव्हा ऐकायला कोणी उरत नाही.

जे कोच हे जाणतात ते मोजून बोलतात. एका हाफमध्ये दोन-तीन मुद्दे, त्याहून जास्त नाही. वाक्य प्रश्नाचं, आणि पुढच्या खेळाबद्दलचं. "सर, ११ नंबर स्क्रीन लावताना (बचावपटूची वाट अडवताना) सरकतोय का? पुढच्या वेळी बघाल?" यात नंबर आहे, कृती आहे, विनंती आहे, आणि पंचाला बघायला जागा मिळते. "काय बघताय?" यात काहीच नाही. "दोन्हीकडे सारखं द्या" हे तर त्याहून वाईट, कारण त्यात पक्षपाताचा आरोप आहे आणि कुठला प्रसंग ते नाही.

कोणाला विचारायचं हेही शिकावं लागतं. शिट्टी ज्याची, प्रश्न त्याला. एका पंचाचा त्याच्या हद्दीतला निर्णय दुसरा पंच बाजूला सारू शकत नाही, तसं नियमातच आहे. जवळच्या पंचाला "तुम्ही तरी सांगा त्यांना" म्हणणं म्हणजे दोन पंचांमध्ये पाचर मारणं, आणि ते दोघांनाही झोंबतं. दोन पंचांच्या पद्धतीत एक एंडलाइनवर असतो, तो रिंगखालची झटापट बघतो, दुसरा मागून बॉलसोबत येतो. लांबच्या बाजूचा होल्ड तुमच्या बेंचवरून स्वच्छ दिसतो, त्यांच्या कोनातून दिसत नाही. हे कोचला उमगलं की "मुद्दाम सोडलं" हा विचार मनात येणं कमी होतं.

अजून एक, ज्यावर कोच सगळ्यात जास्त चिडतात: टाइम-आउट. पंचाकडे बघून हाताने टी केला तर तो टाइम-आउट मागितला असं होत नाही. मुख्य कोच किंवा पहिल्या सहायकाने टेबलपाशी जाऊन किंवा स्कोअररशी नजर मिळवून त्याच्याकडे स्पष्ट मागायचा असतो. पहिल्या हाफमध्ये २, दुसऱ्या हाफमध्ये ३, त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त २. बदली खेळाडूचंही असंच, त्याने स्वतः टेबलकडे जाऊन मागायचं, कोचने कोर्टच्या पलीकडून ओरडून नाही. दोन्ही गोष्टी अर्ध्या पानात टाका. "मी केव्हापासून मागतोय" हा वाद तिथेच मिटेल.

टेबलवरून

दोन्ही प्रतिसाद पटले. स्कोअररच्या खुर्चीतून दिसणारं थोडं जोडते.

टेक्निकलचा हिशोब कोच आणि आयोजक दोघांनाही नीट माहीत नसतो, आणि मग ऐन वेळी "असं कसं बाहेर काढता?" सुरू होतं. कोचच्या स्वतःच्या वागण्याबद्दल टेक्निकल असेल तर शीटवर त्याच्या नावापुढे सी लिहितात. बेंचवर दुसरं कोणी बोललं, बदली खेळाडू असो वा मॅनेजर, तर बी लिहितात, पण तोही कोचच्याच खात्यावर चढतो. दोन सी झाले की कोच बाहेर. एकूण तीन झाले, सगळे बी किंवा त्यात एक सी, तरी बाहेर. म्हणजे बेंचवरचा दहावा खेळाडू टॉवेल फेकत असेल तर तो कोचच्या डोक्यावरचं ओझं वाढवतोय, हे मुलांना मॅचआधी सांगायला हवं. हे फाऊल संघाच्या फाऊलमध्ये धरत नाहीत. खेळाडूला कोर्टवर मिळालेला टेक्निकल मात्र त्याच्या स्वतःच्या पाच फाऊलमध्ये मोजला जातो, संघाच्या फाऊलमध्येही. दोन टेक्निकल, दोन अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला सोडून केलेले फाऊल), किंवा दोन्हींतला एकेक झाला की खेळाडू बाहेर.

शिक्षा एक फ्री थ्रो, ताबडतोब, आणि नंतर खेळ थांबला तिथूनच, बॉल ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे. जुन्या नियमातला "फ्री थ्रो आणि वर बॉलही" डोक्यात ठेवलेले कोच इथे हमखास वाद घालतात. छापून ठेवा.

टेबलशी बोलण्याची वेळही ठरलेली आहे. बॉल डेड, घड्याळ थांबलेलं, मग कोच किंवा पहिला सहायक येऊन स्कोअर, वेळ, फाऊल, टाइम-आउट किती उरले हे सौजन्याने विचारू शकतो. खेळ चालू असताना टेबलवर वाकून विचारलं की स्कोअररचं लक्ष उडतं आणि तेवढ्यात एक बास्केट लिहायची राहते. ती चूक मग कोणाची?

चूक दुरुस्त करून घेण्याची मुदत कोचना पाठ असायला हवी. हक्काचा फ्री थ्रो दिलाच नाही, हक्क नसताना दिला, भलत्याच खेळाडूने टाकला, किंवा गुण चुकून दिले वा रद्द केले, तर चुकीनंतर घड्याळ सुरू होऊन बॉल पहिल्यांदा डेड झाला की पुन्हा लाइव्ह होण्याआधी ते लक्षात यायला हवं. त्यानंतर दार बंद. टेबलने लिहिण्यात, गुणांच्या बेरजेत, फाऊल मोजण्यात किंवा वेळेत केलेली चूक मात्र मुख्य पंचाची शीटवर सही होईपर्यंत दुरुस्त होऊ शकते. ज्या कोचला हे माहीत असतं तो ओरडत नाही. तो घाईने, पण शांतपणे टेबलपाशी येतो आणि एका वाक्यात सांगतो. काम त्याचंच होतं.

शिट्टी आणि मूठ

टेबलवरून यांनी मोठं काम हलकं केलं. आता पंचांनी काय करावं ते लिहितो, कारण हे पान फक्त कोचना वाचून दाखवलंत तर एकतर्फी होईल.

फाऊल दिल्यावर टेबलपासून ६ ते ८ मीटरवर या, थांबा, नंबर, फाऊलचा प्रकार, पुढे काय, अशा तीन खुणा सावकाश दाखवा. चालता चालता अर्धवट खूण केली की कोचला "कोणावर? कशाला?" विचारावंच लागतं आणि आवाज आपोआप चढतो. निम्मे प्रश्न स्वच्छ खुणेने विरघळतात.

प्रश्नाला उत्तर द्या, शेऱ्याला नको. उत्तर पाच-सहा शब्दांचं. "आधी धक्का, मग शॉट." "माझ्या कोनातून दिसलं नाही." दुसरं वाक्य म्हणायला धैर्य लागतं, पण ते खरं असेल तर म्हणावं. आणि नंतर पलीकडे भरपाईची शिट्टी वाजवू नये, कारण एक चूक होती तिथे दोन होतात आणि दोन्ही बेंच नाराज होतात. कोचकडे तळवा दाखवून "थांबा" करणं, हसणं, खांद्याला हात लावणं, टेक्निकल दिल्यावर बेंचकडे चालत जाणं, हे चारही टाळा. टेक्निकल दिला की तो पंच टेबलला कळवून बेंचपासून लांब जातो, काही बोलायचं असेल तर दुसरा पंच बोलतो.

इशाऱ्याची रेषा. पंचांनी इशारा देऊन किंवा नकळत झालेलं किरकोळ सोडून देऊन टेक्निकल टाळावा, याला नियमात जागा आहे. पुनरावृत्ती झाली की ती जागा संपते. दोन्ही कोर्टवर सारखं ठेवायचं असेल तर असं ठरवा: पहिल्यांदा जवळून जाताना हळू शब्दांत, दुसऱ्यांदा बॉल डेड असताना उघड इशारा, जो दुसऱ्या पंचाला आणि स्कोअररला सांगितला जाईल आणि स्कोअरर क्वार्टर व मिनिट वेगळ्या कागदावर टिपून ठेवेल, तिसऱ्यांदा टेक्निकल. ती नोंद दुपारच्या मॅचच्या पंचांनाही दाखवा.

पिव्हट फूट

यावर थोडा वेगळा विचार आहे. तीन पायऱ्या सरसकट छापल्या तर कोच त्याचा अर्थ "दोनदा फुकट" असा घेतात. म्हणून थेट टेक्निकलची यादी आधी द्या आणि ती छोटी ठेवा: परवानगीशिवाय कोर्टमध्ये येणं, टेबलवर हात आपटणं, क्लिपबोर्ड किंवा बाटली फेकणं, "घरचा पंच", "विकला गेला" असा प्रामाणिकपणावरचा शब्द, प्रेक्षकांना भडकावणारा हावभाव. शिवीगाळ, धमकी, अंगावर जाणं यांत तर थेट डिस्क्वालिफाय करण्याची, म्हणजे मॅचबाहेर काढण्याची, तयारी हवी. पायऱ्या फक्त कुरबुरीसाठी. निर्णयावर नाराजी आणि माणसावर आरोप यांतला फरक मुलांनाही कळतो.

आपल्याकडची एक गोष्ट कोणी लिहिली नाही. ज्येष्ठ कोच आणि नवा पंच, अनेकदा त्यांच्याच हाताखाली खेळलेला. "अरे काय देतोयस!" हे कोचच्या तोंडून सवयीने येतं, पण समोरचे दहा खेळाडू ऐकतात की आपले सर पंचाला अरे-तुरे करतात, आणि दोन मिनिटांनी सोळा वर्षांचा मुलगाही तसाच बोलतो. पंच मुलगी असेल तर "ए बेटा" किंवा "बाळा" म्हणतात. प्रेमाने असेल, तरी तेवढ्याने तिच्या हातातली शिट्टी हलकी होते. अर्ध्या पानात स्पष्ट लिहा: कोर्टच्या हद्दीत पंचांना "सर" किंवा "मॅडम" आणि "तुम्ही", वय काहीही असो. पंचांनीही कोचना तसंच, खेळाडूंसमोर. "बसा!" असं खेकसण्याऐवजी "सर, बेंचच्या हद्दीत या" म्हटलं तर काम तेच होतं आणि कोचचा मान राहतो. पंच खेळाडूंशी एकेरीत बोलतात ते चालतं, पण नावापेक्षा नंबर बरा. शेजारच्या शाळेतल्या ओळखीच्या मुलाला नावाने हाक मारली की समोरचा बेंच लगेच हिशोब मांडतो.

आणि बेंचची हद्द आखाच. एंडलाइनपासून सुरू होऊन मधल्या रेषेच्या ५ मीटर अलीकडे संपते, दोन्ही टोकांना २ मीटरच्या रेषा. चुना पुरतो. रेषा असली की पंचाला वाद घालावा लागत नाही, बोट दाखवलं की झालं.

बेसलाइन

सगळ्यांचे मनापासून आभार. सही, बेंचच्या रेषा, एकच उभा, "सर-तुम्ही", थेट टेक्निकलची यादी, स्कोअररची नोंद, हे सगळं घेतो. दोन गोष्टी राहिल्या: शाळांचेच शिक्षक पंच असण्याचा प्रश्न, आणि मॅच संपल्यावरची तक्रार.

डावखुरा गार्ड

पहिल्याचं उत्तर वेळापत्रकात आहे. शिक्षक पंच ज्या शाळेचा, त्या शाळेच्या मॅचला नाहीच, आणि ज्या गटात ती शाळा आहे त्या गटालाही नाही, कारण गटातल्या दुसऱ्या मॅचच्या निकालावर त्यांचं पुढे जाणं अवलंबून असतं. मुलांच्या संघाचा शिक्षक मुलींच्या मॅचला चालेल, त्याच्या शाळेचा मुलींचा संघ नसेल तर. नेमणुकीचा तक्ता आदल्या संध्याकाळी सगळ्या मॅनेजरना पाठवा, हरकत असेल तर रात्रीच येऊ द्या, सकाळी नाही. उपांत्य आणि अंतिम मॅचला जिल्हा संघटनेकडून बाहेरचे पंच मागवा, खर्च तिथेच करा. आणि एका पंचाला सलग दोनपेक्षा जास्त मॅच देऊ नका. दुपारी सिमेंटवर तिसरी मॅच घेणारा पंच पळत नाही, लांबून शिट्टी मारतो, आणि लांबून मारलेली शिट्टी बरोबर असली तरी कोणाला पटत नाही. पाणी, सावलीतली खुर्ची आणि मानधन त्याच दिवशी पाकिटात. आयोजकच पंचाला ताटकळत ठेवतात हे कोच बघत असतात.

टेबलवरून

तक्रारीबद्दल. निषेध नोंदवायचा असेल तर मॅच संपल्यापासून १५ मिनिटांत मुख्य पंचाला सांगायचं आणि स्कोअरशीटवर कॅप्टनच्या सहीची जागा असते तिथे सही करायची. कारणं लेखी, एका तासाच्या आत. पण कारणं मोजकीच चालतात: गुण, वेळ किंवा शॉट क्लॉकमधली न सुधारलेली चूक, मॅच सोडून देण्यासारखा किंवा रद्द करण्यासारखा निर्णय, खेळाडूची पात्रता. "तो फाऊल नव्हता" यावर निषेध होत नाही. हे मीटिंगमध्ये मोठ्याने वाचा, कारण शालेय स्पर्धेतले बहुतेक अर्ज नेमके याच विषयाचे असतात. तुमच्या स्पर्धेची फी आणि समितीतली तीन नावंही तिथेच जाहीर करा. समितीत त्या मॅचच्या दोन्ही शाळांचा माणूस नको.

पंचांच्या कामाबद्दल म्हणणं असेल तर वेगळा अर्ज ठेवा आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळीच घ्या, त्याच संध्याकाळी नाही. रकाने चारच: क्वार्टर आणि वेळ, खेळाडूंचे नंबर, काय घडलं, काय द्यायला हवं होतं. व्हिडिओ असेल तर जास्तीत जास्त तीन तुकडे. नंबर आणि वेळ लिहायला बसलं की नुसता राग आपोआप गळतो आणि जे उरतं ते पंचांना खरंच उपयोगी पडतं. असाच अर्ज पंचांनाही द्या, बेंचच्या वागण्यासाठी.

शेवटचा बझर वाजल्यानंतर, पण शीटवर सही होण्याआधी बेंचने गोंधळ घातला तर टेक्निकल देता येत नाही. मुख्य पंच शीटवर तशी नोंद करून आयोजकांना कळवतो आणि पुढचं तुम्ही ठरवायचं. म्हणून ते तुमच्या स्पर्धेच्या नियमात आधीच लिहा: अशी नोंद आली तर कोच पुढच्या मॅचला बेंचवर नाही. आणि शीटवर सही होईपर्यंत टेबलभोवती चार जणांपेक्षा जास्त माणसं उभी राहणार नाहीत यासाठी एक स्वयंसेवक नेमा, शक्यतो उंच आवाजाचा नको, शांत माणूस.